दान, दक्षिणा आणि खरेदी

गतवर्षी आपल्या देवस्थानच्या महाजनांच्या वार्षिक सभेत जमाखर्चाचे वाचन चालू असता एका तरुण सभासदाने सूचना मांडली, की जत्रेसाठी लागणाऱ्या उदबत्त्या, प्रसादाच्या कापडी पिशव्या व झाडू या वस्तू यापुढे अपंगांच्या एखाद्या कार्यशाळेतून घ्याव्यात. सूचनेला कोणी उघड विरोध केला नाही. परंतु एका वयोवृद्ध महाजनांनी शांतपणे विचारले, "देवस्थान अन्नदानासाठी व गरजू विद्यार्थ्यांसाठी दरसाल रक्कम बाजूला काढतेच. दान करावयाचे तर दान म्हणून करू या. खरेदीच्या वहीत दान कशाला?" उशीर बराच झाला होता, म्हणून विषय पुढील सभेवर गेला. आरती होऊन मंडळी घरोघर गेली. सभेच्या वेळी आम्ही समया उजळीत होतो व बोलण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. परंतु तो प्रश्न मात्र आमच्या मनातून आजवर गेलेला नाही. म्हणून पुढील सभेपूर्वी त्याचा यथामती विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या वृद्ध महाजनांचा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. दान व खरेदी यांची भेसळ झाली म्हणजे दोन्ही बिघडतात, हा त्यांचा अनुभवाचा बोल होता. दानाची थोरवीही आम्ही कमी लेखीत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, आणि अवज्ञेने दिलेले ते तामस, असा तेथील आशय आहे. याचा अर्थ असा, की दानाचे सारे मोल देणाऱ्याच्या मनावर ठरते. घेणाऱ्याचा मान राहावा की जावा, हेही देणाऱ्याच्याच हाती राहते. खरेदीचे तसे नाही. दुकानदार गिऱ्हाइकाच्या सद्भावनेवर जगत नाही, त्याच्या गरजेवर जगतो. आणि गरज ही सद्भावनेपेक्षा पुष्कळ भरवशाची असते.

हा भेद आम्ही ग्रंथात वाचण्यापूर्वी घरात पाहिला. आमचा जन्म पुजाऱ्याच्या घरातला. आम्ही दहा-बारा वर्षांचे असता एका यजमानांकडे सत्यनारायणाची पूजा सांगण्यास वडिलांसमवेत गेलो होतो. पूजा यथासांग झाली. यजमानांनी पाकीट वडिलांच्या हाती देताना पाहुण्यांस ऐकू जाईल अशा स्वरात म्हटले, "घ्या भटजी, तुमच्या संसाराला तेवढीच मदत." वडिलांनी पाकीट देवापुढील पाटावर ठेवले व हात जोडून म्हणाले, "मदत नको, यजमान. पूजा सांगितली आहे, तिची दक्षिणा द्यावी." क्षणभर कोणी बोलले नाही. यजमान समंजस होते. त्यांनी तेच पाकीट उचलले, त्यावर विड्याचे पान व सुपारी ठेवली आणि वाकून पुन्हा दिले. वडिलांनी ते कपाळाला लावून घेतले. आत रक्कम तीच होती. परंतु त्या दिवशी वाटेने परत येताना वडील ताठ चालत होते, हे आम्हांस अजून आठवते.

दक्षिणेवाचून यज्ञ पूर्ण होत नाही, असे शास्त्रकारांनी म्हटले आहे. दक्षिणा देऊन यजमान ऋत्विजावर उपकार करीत नाही. तो आपलेच कर्म पुरे करून घेतो. भिक्षा घेणाऱ्याचा हात खाली असतो, देणाऱ्याचा वर. दक्षिणेत व खरेदीत दोन्ही हात एका उंचीवर येतात, कारण दोघांजवळही दुसऱ्याला हवे असलेले काही असते. तेव्हा अपंगांच्या कार्यशाळेतून उदबत्त्या घेणे हे दान की खरेदी, या प्रश्नाचे उत्तर पाकिटातील रकमेत सापडणार नाही. हात कोणत्या उंचीवर आहेत, हेच पाहावे लागेल.

हाच प्रश्न एका मोठ्या राष्ट्रापुढे, सरकारी भांडाराच्या निमित्ताने, पूर्वी येऊन गेला आहे. तेथे काय घडले हे पाहणे बोधप्रद होईल. अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत धडधाकट माणसांनाही काम मिळेनासे झाले होते. अंधांसाठी चालविलेल्या कार्यशाळांत झाडू व फरशी पुसण्याचे पोचारे तयार होत, परंतु त्यांना खात्रीचे गिऱ्हाईक नव्हते. सरकारला तर कचेऱ्या, छावण्या व इस्पितळे झाडण्यासाठी झाडू लागतातच. मग ते अंधांकडून का घेऊ नयेत, असा साधा विचार पुढे आला. सिनेटर रॉबर्ट वॅगनर व प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कॅरोलिन ओ'डे यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २५ जून १९३८ रोजी झाला. ज्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांनी त्यावर सही केली, त्यांना १९२१ मध्ये झालेल्या दुखण्याने पायांचे बळ गमवावे लागले होते. यादीत नोंदलेली वस्तू अंधांच्या ना-नफा संस्था देऊ शकत असतील, तर केंद्र सरकारच्या खात्यांनी ती त्यांच्याकडूनच घ्यावी, अशी त्या कायद्याची तरतूद होती. वस्तू कोणती व वाजवी बाजारभाव कोणता, हे ठरविण्यासाठी समिती नेमण्यात आली.

पुढे १९७१ मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने इतर तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींनाही या व्यवस्थेत स्थान मिळाले, आणि वस्तूंबरोबर साफसफाईसारख्या सेवाही तीत आल्या. २००६ मध्ये या योजनेस 'अॅबिलिटीवन' हे नाव देण्यात आले. अंध व तीव्र अपंग यांनी संस्थेतील प्रत्यक्ष कामाच्या तासांपैकी किमान ७५ टक्के तास काम केले पाहिजे, ही तिची मुख्य अट राहिली आहे.

या व्यवस्थेतून निघालेली एक लहानशी वस्तू सांगण्याजोगी आहे. १९५२ पासून अंध कामगारांनी जुळविलेले 'स्किलक्राफ्ट' छापाचे काळे बॉलपेन अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांत, टपालघरांत व सैन्यात वापरले जात आले आहे. त्या साध्या पेनासाठी सरकारने घातलेल्या अटी सोळा पानांच्या होत्या. पेनाने अखंड एक मैल लांबीची रेघ ओढली पाहिजे, कडाक्याच्या थंडीत व भाजणाऱ्या उन्हात लिहिले पाहिजे, असे त्यांत नमूद होते. आम्हांस या पेनाविषयी जो आदर वाटतो तो या सोळा पानांमुळे. 'बिचाऱ्यांनी केले आहे, चालवून घ्या' असे सरकार म्हणाले नाही. इतरांकडून जे मागितले असते ते त्याने अंधांकडूनही मागितले, आणि अंधांनी ते दिले. टपालघरातील कारकुनाला आपण कोणावर दया करीत आहोत याची जाणीवही नसते. त्याला चिठ्ठी लिहावयाची असते व पेन चालते. ज्या खरेदीत दयेची आठवणही होत नाही, तीच खरी मानाची खरेदी, असे आम्हांस वाटते.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सांगितले असे होईल. ज्या २५ जून १९३८ या दिवशी खरेदीचा कायदा झाला, त्याच दिवशी त्याच राष्ट्राध्यक्षांनी किमान वेतनाच्या कायद्यावरही सही केली. कायद्याच्या कक्षेतील कामगारास तासाला २५ सेंटांहून कमी देऊ नये, असा त्याचा आरंभीचा दर होता. मात्र त्याच्या चौदाव्या कलमात एक अपवाद होता. अपंगत्वामुळे ज्याचे काम कमी भरते, त्यास परवाना काढून किमान दराहूनही कमी मजुरी देण्यास मुभा होती. धडधाकट मनुष्य तासाभरात किती नग करतो हे घड्याळ लावून मोजावयाचे, अपंगाचे नग त्याच्याशी ताडून पाहावयाचे आणि त्या प्रमाणात मजुरी कापावयाची, अशी ही रीत होती. पुढील काळात काही ठिकाणी तासाला एका डॉलरहूनही कमी मजुरी हाती पडणारे कामगार आढळले. एका कायद्याने सरकारचा दरवाजा उघडला आणि त्याच दिवशी दुसऱ्याने आतल्या माणसाचे ताट हलके केले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. अपवाद नसता तर अपंगांस कोणी कामावर घेणार नाही, अशी त्यांची समजूत होती. परंतु सद्हेतूने केलेली वजाबाकीही वजाबाकीच असते.

या अपवादाविरुद्ध सर्वांत चिकाटीने झगडले ते स्वतः अंधच. अंधांनी चालविलेला अंधांचा राष्ट्रीय महासंघ तेथे १९४० मध्ये स्थापन झाला. जेकोबस टेनब्रोक हे कायद्याचे जाणकार अंध प्राध्यापक त्याचे संस्थापक होते. या महासंघाने कमी मजुरीचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या लावून धरला. अखेर २०२२ मध्ये अॅबिलिटीवनच्या कंत्राटांवरील कामासाठी त्या अपवादाचा आधार घेण्यास बंदी झाली. सर्वसाधारण कायद्यातील ते कलम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव केंद्रीय श्रम खात्याने २०२४ मध्ये मांडला होता, तो २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणजे पेन अंधांकडून घ्यावे हे ठरविण्यास एक दिवस पुरला, आणि त्या पेनावर काम करणाऱ्यास पुरी मजुरी द्यावी हे ठरविण्यास चौऱ्याऐंशी वर्षे लागली. खरेदी करणारा हिशेब वस्तूच्या भावाचा मागतो, मजुरीचा मागत नाही. अशा वेळी दोन हात एका उंचीवर दिसतात खरे, परंतु त्यांतील एक हात संस्थेचा असतो. कामगाराचा हात तिच्या मागे खालीच राहतो.

आणखी एक शंका विचारी लोक घेतात, तीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ७५ टक्के तासांची अट पाळावयाची म्हणजे अपंगांनी बहुतांशी अपंगांतच काम करावयाचे. काम मिळाले, परंतु वाडा वेगळा झाला. युरोपीय संघाने २०१४ च्या खरेदीविषयक निर्देशात अशी राखीव कंत्राटे देण्यास मुभा देताना किमान ३० टक्के कामगार अपंग वा वंचित असावेत, एवढीच अट ठेवली; त्यामुळे एकाच छपराखाली सर्वांनी मिळून काम करण्यास जागा राहते. आपल्याकडे सांख्यशास्त्रात पुरुष व प्रकृती यांचा संबंध अंधपंगुन्यायाने समजावितात. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो. एक चालतो, दुसरा वाट दाखवितो, आणि दोघेही अरण्यातून पार होतात. त्यांत उपकार करणारा कोण व घेणारा कोण, हे कोणी सांगू शकणार नाही. आमच्या मते ज्या कार्यशाळेत एकाची उणीव दुसऱ्याच्या सामर्थ्याने भरून निघते आणि ज्याला बाहेर जावयाचे त्याची वाट कोणी अडवीत नाही, तीच उत्तम.

आता सार्वजनिक पैशाविषयी. सरकारची तिजोरी करदात्यांची, देवस्थानची पेटी देवाची. दुसऱ्याच्या पैशाने आपण उदार होऊ नये, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून अमेरिकेत वाजवी बाजारभाव ठरविण्याचे काम स्वतंत्र समितीकडे दिले. शिवाय एखादी वस्तू यादीत घालण्यापूर्वी, आजवर ती पुरविणाऱ्या व्यापाऱ्यावर किती आघात होईल, याचाही विचार करण्याचा नियम ठेवला. ही दुसरी गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. एका गरजूला उभे करताना दुसऱ्या गरजूला खाली बसविणे हा धर्म नव्हे.

आपल्या देशातही या विचाराची बीजे आहेत. सरकारी कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम अंधांकडे देण्याची पद्धत पुष्कळांच्या परिचयाची आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणाऱ्या बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी फावडे दिले. आयते दिल्याने मनुष्य दुबळा होतो व श्रमाने उभा राहतो, अशी त्यांची धारणा होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानून सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. लहान उद्योगांकडून सरकारने खरेदी करावी यासाठी २०१२ मध्ये जो केंद्रीय आदेश निघाला, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी वाटा नेमला होता. २०१८ मध्ये महिलांच्या उद्योगांसाठीही नेमण्यात आला. अपंगांच्या संस्थांसाठी तसा टक्का त्या आदेशात नेमलेला नव्हता. आपल्या गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजी येथे अपंगांचा 'पर्पल फेस्ट' हा महोत्सव भरला, याचा आपणांस अभिमान आहे. 'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्दही रूढ झाला आहे. परंतु शब्द बदलण्यास पैसा पडत नाही, आणि उत्सव काही दिवसांत आटोपतो. उरलेल्या दिवसांत त्यांच्या मालाला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

एवढ्या विवेचनानंतर आपल्या वृद्ध महाजनांच्या प्रश्नाकडे परत येऊ. खरेदीच्या वहीत दान कशाला, असे त्यांनी विचारले. आमचे नम्र उत्तर असे आहे, की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. वहीत दान नकोच. सभेने ही खरेदी करावी, परंतु निखळ खरेदी म्हणून करावी. उदबत्ती नीट जळली पाहिजे, पिशवी शिवणीत उसवता कामा नये; उसवली तर माल परत करावा, जसा कोणाही व्यापाऱ्याचा केला असता. भाव बाजाराशी ताडून पाहावा. आणि एक प्रश्न, जो व्यापाऱ्यांना आपण आजवर विचारीत नव्हतो, तो येथे अवश्य विचारावा : काम करणाऱ्याच्या हाती रोज किती पडते? दोन सभासदांनी एकदा कार्यशाळेत जाऊन संचालकांबरोबर कामगारांशीही बोलावे. मजुरी पुरी नसेल तर ती पुरी करता यावी इतपत भाव वाढवून देण्याचीही तयारी ठेवावी. त्यात दान नाही, कारण पुरी मजुरी हा वस्तूच्या किमतीचाच भाग आहे.

एक मर्यादा मात्र पाळावी. सभेतील सूचनेनंतर कोणीतरी असेही सुचविले, की वातीही तेथूनच घेता येतील. मंडळी, गाभाऱ्यातील वाती कोण वळते हे आपण सर्वजण जाणतो. देवळामागील घरात एकट्या राहणाऱ्या आजी गेली कित्येक वर्षे कापूस पिंजून वाती वळतात, आणि त्या कामाच्या पैशांतून त्यांची चूल पेटते. आजींनी कधी कोणापुढे हात पसरलेला नाही. त्यांच्या वाती त्यांच्याकडेच राहू द्याव्यात. उदबत्त्या, पिशव्या व झाडू आपण दूरच्या शहरातील घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. आपले गिऱ्हाईक तुटल्याने त्याच्या घरची चूल विझणार नाही. पालट करावयाचा तो तेथे करावा.

जनकराजाच्या दरबारी अष्टावक्र आला तेव्हा त्याचे वाकडे अंग पाहून सभा हसली, अशी कथा आपण लहानपणी ऐकली आहे. तो भिक्षा मागण्यास आला नव्हता, वाद करण्यास आला होता. जनकाने त्याला वस्त्र किंवा धान्य देऊन वाटेला लावले असते, तर राजाचे औदार्य वाखाणले गेले असते, आणि अष्टावक्राचा अपमान पुरा झाला असता. राजाने त्याला प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकून घेतली. त्याच्याजवळ जे होते ते राजाला हवे होते.

येत्या जत्रेच्या रात्री पालखीपुढे जी उदबत्ती जळेल, तिचा सुवास कोणाच्या हाताने आला हे भाविकांस कळणारही नाही. ते कळावे म्हणून फलक लावू नये, अशीच आमची सूचना आहे. ज्यांनी ती वळली त्यांच्या हाती मोल पडले असेल, व ते त्यांनी ताठ मानेने घेतले असेल, एवढे श्रींना कळले म्हणजे पुरे. पुढील सभेत हा विषय निघेल तेव्हा महाजनांनी व कुळाव्यांनी शांतपणे विचार करावा, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख संपवितो.